होकायंत्राशिवाय बेटांच्या शोधात



शाळेच्या भिंतीवर टांगलेला जगाचा नकाशा आपण सर्वांनीच पाहिलेला आहे. त्या नकाशाची एक गंमत कधी लक्षात आली आहे का? जगातला सर्वांत मोठा महासागर त्यात सलग असा दिसतच नाही. पॅसिफिक महासागराचे दोन तुकडे केलेले असतात; एक नकाशाच्या डाव्या कडेला आणि दुसरा उजव्या कडेला. शिक्षक बंधुभगिनींनी एकदा हा नकाशा खिळ्यावरून खाली उतरवावा, त्याची नळी करून दोन्ही कडा एकमेकींना जुळवाव्यात आणि मग मुलांना दाखवावा. म्हणजे कळते, की पृथ्वीवरची सगळी जमीन, सगळे खंड, सगळी वाळवंटे आणि सगळे डोंगर एकापुढे एक मांडले तरी या एका महासागराएवढे भरत नाहीत.

आता त्या निळ्या रंगाच्या मधोमध पाहा. माश्या बसून गेल्यासारखे बारीक बारीक ठिपके दिसतील. ही बेटे. उत्तरेला हवाई, नैर्ऋत्येला न्यूझीलंड आणि आग्नेयेला रापा नुई, ज्याला ईस्टर बेट असेही म्हणतात. या तिघांना रेघांनी जोडले तर एक त्रिकोण होतो आणि त्याची प्रत्येक बाजू चार हजार मैलांहून अधिक भरते. कन्याकुमारीहून श्रीनगरपर्यंतचा पल्ला तिथे दुप्पट केला तरी अपुराच पडेल. एवढ्या पाण्यात जमीन म्हणाल तर चिमूटभर.

युरोपातली जहाजे या भागात फिरू लागली तेव्हा त्या दर्यावर्दी लोकांना एका गोष्टीचे मोठे नवल वाटले. राहण्याजोगे बेट दिसले, की तिथे बहुधा माणसे आधीच राहत असत. आणि ती एकमेकांशी मिळतीजुळती भाषा बोलत! डोळ्याला ताहितीत ‘माता’, हवाईत ‘माका’. पाचाला सामोआत ‘लिमा’, न्यूझीलंडच्या माओरी लोकांत ‘रिमा’. होडीला कुठे ‘वाका’, कुठे ‘वाआ’. आपल्याकडे कोकणात आणि देशावर बोलण्याचा जेवढा फरक, त्याहून थोडा जास्त म्हणा. पण मधे समुद्र आहे हजारो मैलांचा. या माणसांजवळ लोखंड नव्हते, लिपी नव्हती, होकायंत्र नव्हते. मग ती तिथे पोचली कशी? आज मी आपल्याला जे सांगणार आहे ते याच प्रश्नाविषयी आहे. आणि हा प्रश्न शेवटी पुस्तकात सुटला नाही, समुद्रावर सुटला.

आधी बेटांविषयी दोन शब्द. ही बेटे दोन जातींची. काही उंच, ज्वालामुखीने घडवलेली, डोंगर आणि ओढे असलेली, ताहिती त्यातले. दुसरी अगदी सखल, पोवळ्याची, म्हणजे प्रवाळाची. समुद्रात बांगडी टाकावी तसा त्यांचा आकार. मधे उथळ हिरवे पाणी आणि भोवती जमिनीची अरुंद पट्टी. चार्ल्स डार्विन याने १८४२ साली याचा उलगडा केला. ज्वालामुखीचे बेट हळूहळू खाली खचते, त्याच्या कडेने प्रवाळाचे बारीक जीव आपले घर वर वर बांधत राहतात आणि शेवटी डोंगर बुडतो, कडे तेवढे उरते. आपल्या देशात असली बेटे पाहायची तर लक्षद्वीपला जावे. तिथली सारी जमीन मिळून जेमतेम बत्तीस चौरस किलोमीटर आहे. एके काळी तिथला काथ्या आणि खोबरे शिडाच्या ओडमांतून मंगळूरच्या बंदराला येत असे. असल्या बेटाची उंची समुद्रापासून पुरुष-दोन पुरुष. दिसतात ते माडांचे शेंडे, आणि तेही दहा मैलांच्या आत आल्यावर. अकरा मैलांवरून गेलात तर बेट होते हे कळणारही नाही.

आता होडी. एकाच ओंडक्याची होडी उथळ खाडीत ठीक आहे. भर समुद्रात ती कलंडते. म्हणून या लोकांनी दोन होड्या शेजारी शेजारी ठेवून वर आडव्या वाशांनी जखडल्या. मधल्या फळ्यांच्या ओटीवर माणसे, जनावरे, रोपे. लहान प्रवासाला एकच होडी आणि तिच्या एका अंगाला लाकडी तरंग बांधलेला. मालवण-वेंगुर्ल्याच्या बाजूला ज्यांनी उलांडीची होडी पाहिली असेल त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. शीड केतकीच्या पानांच्या चटयांचे. फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसत, भोके पाडून नारळाच्या काथ्याने शिवलेल्या असत. शिवलेली होडी लाटेवर किंचित लवते आणि म्हणून तडकत नाही. अरबी समुद्रातही पूर्वी शिवलेली गलबते चालत. आपल्या नौदलाने २०२५ साली ‘कौंडिण्य’ नावाचे असे एक शिवलेले जहाज ताफ्यात घेतले. ते गोव्यात बांधले, आणि त्याचा नमुना घेतला तो अजिंठ्याच्या लेण्यातल्या पाचव्या शतकातील चित्रावरून. म्हणजे काथ्याची विद्या त्यांचीही आणि आपलीही.

होडीत काय काय भरले जाई? ऐकून कोकणातल्या घरच्या परसात उभे असल्यासारखे वाटेल. नारळ, केळी, ऊस, अळूचे कांदे, नीरफणसाची रोपे. शिवाय कोंबड्या, डुकरे, कुत्री. बायका आणि मुलेबाळे. वाट चुकून वाहत गेलेला कोळी रोपे आणि कोंबड्या घेऊन जात नाही. हे लोक वस्ती करायलाच निघालेले असत. इसवी सनापूर्वी सुमारे आठशे वर्षे त्यांचे पूर्वज पश्चिमेकडून टोंगा आणि सामोआपर्यंत आले. तिथे पुष्कळ शतके थांबले. मग पुन्हा निघाले आणि ताहिती, हवाई, रापा नुई असे करीत सुमारे सातशे वर्षांपूर्वी न्यूझीलंडला टेकले.

इथे एक शंका कुणीही काढील. या पट्ट्यात व्यापारी वारे बहुतेक वर्षभर पूर्वेकडून वाहतात. आणि हे लोक तर पश्चिमेकडून पूर्वेकडे गेले, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर गेले. हे उफराटे नाही का? पण जरा कोळ्याच्या डोक्याने विचार करा. आपण अनोळखी पाण्यात शोधायला निघालो आहोत, पुढे बेट आहे की नाही ठाऊक नाही. वाऱ्याच्या पाठीवर गेलो तर जाणे सोपे, पण बेट न सापडल्यास परतायचे कसे? उलट वाऱ्याशी झगडत, तिरके तिरके कापत गेलो तर जाणे अवघड. मात्र पाणी आणि अन्न निम्म्यावर आले, की तोंड फिरवायचे आणि वारा आपोआप घरी आणून सोडतो. मतलई वाऱ्यावर पहाटे बाहेर पडून दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर घरी येणाऱ्या आपल्या कोळ्यांचा हिशेब हाच. परतीचा वारा आधी पाहायचा. मला तर या सबंध कथेत सर्वांत शहाणपणाची गोष्ट ही वाटते. शिवाय मधूनमधून काही आठवडे पश्चिमेचे वारे सुटतात, त्यांचाही हे लोक फायदा घेत.

१७६९ साली कॅप्टन कुक शुक्राचे अधिक्रमण पाहण्यासाठी ताहितीला आला. तिथून निघताना त्याने तुपाइआ नावाच्या एका माणसाला जहाजावर घेतले. तुपाइआ राइआतेआ बेटाचा. पुजारी आणि नाविक. आसपासच्या कितीतरी बेटांची नावे आणि दिशा त्याला तोंडपाठ होत्या आणि त्यांवरून चौऱ्याहत्तर बेटांचा एक नकाशा तयार झाला. जहाज कितीही वळणे घेवो, ताहिती कोणीकडे आहे हे तो केव्हाही बोटाने दाखवी, असे त्या काळी नोंदलेले आहे. हा माणूस १७७० साली बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, आजाराने वारला आणि त्याच्या डोक्यातले त्याच्याबरोबर गेले. त्याला पुरेसे विचारून घेण्याचे कुणाला सुचले नाही.

पुढची दीडशे-दोनशे वर्षे वाईट गेली. परके रोग आले, परके राज्य आले. हवाईत १८९६ सालच्या कायद्याने शाळांचे माध्यम इंग्रजी झाले आणि मुलांच्या तोंडची भाषा शाळेतून हद्दपार झाली. लांब पल्ल्याच्या होड्या कुजून गेल्या. आणि मग विद्वान लोक म्हणू लागले, की असल्या होड्यांतून कुणी मुद्दाम एवढे दूर गेलेच नसणार!

१९४७ साली नॉर्वेच्या थोर हेयेरडाल याने दक्षिण अमेरिकेच्या पेरू देशातून एका तराफ्यावर बसून निघण्याचे धाडस केले. तराफ्याचे नाव कोन-टिकी. वाऱ्याबरोबर आणि प्रवाहाबरोबर वाहत वाहत तो १०१ दिवसांनी रारोइआ बेटाच्या खडकावर आदळला. छाती मोठी, यात वाद नाही. पण त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष, की बेटांवर पहिली वस्ती अमेरिकेतून आली, तो टिकला नाही. भाषा, भांड्यांचे तुकडे, डुकरे, कोंबड्या, सगळ्यांची साक्ष पश्चिमेची निघाली. एक रताळे मात्र खरोखर अमेरिकेचे! आपण एकादशीला खातो तेच. युरोपचे लोक येण्याच्या आधीपासून ते या बेटांवर पिकत होते. २०२० साली रक्ताच्या वंशखुणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यावरून इसवी सन १२००च्या सुमारास बेटांवरची माणसे आणि अमेरिकेतली माणसे एकमेकांना भेटली होती, असे दिसते. कोण कोणाकडे गेले हे अजून वादाचे आहे.

१९५६ साली न्यूझीलंडच्या अँड्र्यू शार्प यांनी पुस्तक लिहिले आणि म्हटले, की दूरची बेटे सापडली ती वादळात भरकटलेल्यांना, योगायोगाने. दिशा धरून जाणे आणि परत येणे या लोकांना शक्य नव्हते. आता यावर उत्तर काय देणार? वाद घालून उत्तर मिळण्यासारखे नव्हते. होडी बांधायची आणि जाऊन दाखवायचे, एवढाच मार्ग होता.

डेव्हिड लुईस नावाच्या एका डॉक्टराने १९६५ साली ताहितीहून न्यूझीलंडपर्यंत यंत्रे न वापरता जाऊन सुरुवात केली. नंतर तो बेटाबेटांवर उरलेल्या जुन्या नाविकांबरोबर हिंडला आणि त्यांची विद्या त्याने १९७२ साली पुस्तकात आणली. १९७३ साली हवाईत मानववंशशास्त्राचे प्राध्यापक बेन फिनी, चित्रकार हर्ब काने आणि दर्यावर्दी टॉमी होम्स या तिघांनी एक मंडळ काढले. जुन्या चित्रांवरून त्यांनी बासष्ट फूट लांबीची जोडहोडी बांधली. ८ मार्च १९७५ रोजी ती पाण्यात उतरली. तिचे नाव ठेवले ‘होकुलेआ’, म्हणजे आनंदाचा तारा. हा तारा कोणता, ठाऊक आहे? आपली स्वाती! या स्वातीकडे आपण पुन्हा येऊ.

होडी झाली, पण तिला वाट दाखवणारा कोण? सबंध हवाईत एकही जाणता नाविक उरला नव्हता. शोध घेता घेता तो सापडला दूर पश्चिमेला, कॅरोलाइन बेटांपैकी साटावल या बेटावर. साटावल ते केवढे! सव्वा चौरस किलोमीटरच्या आसपास. आपल्याकडचे एखादे गावठाण आणि भोवतीची चार शेते. तिथला माऊ पियाइलुग, जन्म १९३२चा. नाव ऐकून वर्गातली मुले हसतील. हसू द्या, नाव त्यामुळे विसरणार नाहीत. माऊच्या आजोबांनी तो तान्हा असतानाच त्याला निवडले होते. किनाऱ्यावरच्या खडकांतल्या पाण्यात ते त्याला ठेवीत, लाटेचा हेलकावा अंगात मुरावा म्हणून. थोडा मोठा झाल्यावर चटईवर पोवळ्याचे खडे वर्तुळात मांडून शिकवणे सुरू झाले. प्रत्येक खडा म्हणजे एक तारा, आणि वर्तुळाच्या मधे होडी.

ही खड्यांची शाळा नीट समजून घेण्यासारखी आहे. कोणताही तारा रोज थोडा आधी उगवतो, पण क्षितिजावर तो उगवतो ती जागा वर्षभर तीच राहते. मावळण्याची जागाही तीच. सूर्य उत्तरायण-दक्षिणायन करतो, तारा करीत नाही. तेव्हा क्षितिज हेच होकायंत्र आणि तारे ही त्यावरची अक्षरे. साटावलच्या लोकांच्या वर्तुळात अशा बत्तीस दिशा आहेत आणि त्यांची मुख्य पूर्व म्हणजे आपला श्रवण जिथे उगवतो ती जागा. अमुक बेटाला जायचे तर अमुक ताऱ्याच्या उगवतीवर होडीचे नाक धरायचे. तो तारा वर चढला, निरुपयोगी झाला, की त्याच जागेवर मागून उगवणारा दुसरा धरायचा. रात्रभरात असे आठ-दहा तारे लागतात. त्यांची साखळी पाठ असावी लागते, आणि ती सुद्धा एका बेटाची नाही, डझनांनी.

आता म्हणाल, दिवसा काय? नि आभाळ भरून आले तर? तेव्हा लाटा. वाऱ्याने जागच्या जागी उठणारी लाट निराळी आणि शेकडो मैलांवरून येणारा संथ, लांब उसळा निराळा. हा उसळा दिवसेंदिवस एकाच दिशेने येत राहतो. पुष्कळदा दोन-तीन दिशांचे उसळे एकमेकांना छेदून जातात आणि डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण होडीच्या तळाशी उताणे पडून राहिले तर पाठीला कळतात. बेटापाशी आले, की उसळा वळतो, परतून येतो, जसे ओढ्यातले पाणी दगडाला वळसा घालते. मार्शल बेटांवरचे लोक तर माडाच्या पातीचे हीर एकमेकांना बांधून या लाटांच्या जाळीचे नमुने करीत आणि बेटांच्या जागी कवड्या-शिंपले लावीत. ज्या हिरांचा आपण केरसुणीपलीकडे उपयोग केला नाही, त्यांचा त्यांनी समुद्राचा नकाशा केला! हा नकाशा होडीत मात्र नेत नसत. घरी पाहायचा, पाठ करायचा आणि जायचे.

आणखी एक हिशेब सांगतो, तो जरा डोके लावून ऐका. एस.टी.त बसल्यावर झाडे मागे पळतात आणि आपण स्थिर आहोत असे वाटते ना? कॅरोलाइन बेटांचा नाविक समुद्रावर मुद्दाम तसेच मानतो. होडी जागची हलत नाही. बेटेच तिच्या बाजूने मागे सरकतात. वाटेच्या एका अंगाला, नजरेपलीकडचे, तिसरेच एक बेट तो मनात धरतो. निघताना ते बेट एका ताऱ्याखाली असते, मग पुढच्या ताऱ्याखाली सरकते, मग त्याच्या पुढच्या. किती ताऱ्यांखालून ते सरकले यावर किती वाट कापली हे ठरते. पुस्तकात वाचताना मला हे आधी चमत्कारिक वाटले, पण एस.टी.ची खिडकी आठवली आणि सरळ झाले.

बेट जवळ आल्याच्या खुणा आणखी निराळ्या. सगळे ढग वाऱ्याबरोबर पळत असताना एखादा ढग जागीच थबकला असेल, तर त्याखाली जमीन समजावी. उथळ हिरव्या पाण्याची झाक कधीकधी ढगाच्या पोटाला दिसते. आणि सर्वांत भरवशाचे पक्षी. सुरय जातीचे काही पक्षी रात्री जमिनीवर झोपतात, सकाळी मासे मारायला वीस-पंचवीस मैल समुद्रात येतात आणि संध्याकाळी घरी जातात. म्हणजे दहा मैलांवरून दिसणारे बेट पक्ष्यांमुळे वीस-पंचवीस मैलांवरून कळते. सुईचा नेम चुकतो, पण सूप सहज सापडते, तसे हे.

१ मे १९७६ रोजी होकुलेआ हवाईतल्या माउई बेटाहून ताहितीला निघाली. अंतर सुमारे अडीच हजार मैल. होडीवर होकायंत्र नाही, घड्याळ नाही, नकाशा नाही. बरोबर जुन्या रिवाजाप्रमाणे रोपे, कोंबड्या, एक कुत्रा आणि एक डुक्कर. माऊ या पाण्यात यापूर्वी कधी आलेला नव्हता. ताहिती विषुववृत्ताच्या दक्षिणेला. तिथे ध्रुवतारा दिसतच नाही. प्रवास सुखाचा झाला असे नाही. विषुववृत्ताजवळच्या निर्वाताच्या पट्ट्यात शीड लुळे पडले. होडीवरच्या माणसांत भांडणे झाली, कडू भांडणे. महिनाभर चार-दोन हातांच्या जागेत माणसे कोंबली म्हणजे काय होते ते निराळे सांगायला नको. माऊ नुसत्या डुलक्या घेत असे; झोप म्हणून त्याने घेतली नाही. होडीच्या कडेला बसून सरकणारे पाणी पाहायचे, वेग मनात धरायचा, वळण मनात धरायचे, आणि तो हिशेब महिनाभर तुटू द्यायचा नाही. एकदा तुटला की संपले, कारण कुठेही काही लिहिलेले नाही.

महिनाभराने समोर माताइवा नावाचे सखल प्रवाळबेट दिसले, आणि ४ जून रोजी होडी ताहितीच्या पापीते बंदरात शिरली. किनाऱ्यावर हजारो माणसे लोटली होती. मुले तर होडीवर एवढी चढली, की तिची मागची बाजू पाण्याखाली गेली. शार्प यांच्या पुस्तकाला वीस वर्षांनी उत्तर मिळाले.

पण भांडणांनी माऊचे मन विटले होते. तो ताहितीहूनच आपल्या बेटावर निघून गेला आणि होडी परत आणली ती यंत्रांच्या मदतीने. म्हणजे एक प्रवास झाला, विद्या मात्र हवाईत आली नाही. ती शिकल्याशिवायच १९७८च्या मार्चमध्ये होडी पुन्हा निघाली. रात्रीचे वादळी वारे, भरलेली होडी. मोलोकाई बेटाच्या दक्षिणेला ती उलटली. माणसे पालथ्या होडीला धरून रात्रभर राहिली. दुसऱ्या दिवशी एडी आयकाऊ हा समुद्रातून बुडत्यांना काढण्यात नाव मिळवलेला तरुण आपल्या लाटांवर खेळायच्या फळीवर पालथा झाला आणि मदत आणायला दूरच्या लानाई बेटाकडे हात मारीत निघाला. इतरांची पुढे सुटका झाली. एडी कुणाला पुन्हा दिसला नाही.

या मरणानंतर नैनोआ थॉम्पसन हा हवाईचा तरुण माऊकडे गेला आणि त्याने शिकवण्याची विनंती केली. माऊपुढचा पेच लक्षात घ्या. त्याच्या बेटावर ही विद्या घराण्यात ठेवायची, परक्याला द्यायची नाही, असा दंडक. पण घरची तरुण मुले शाळेत आणि नोकरीत गुंतलेली. त्यांना तारे पाठ करायला वेळ नाही. द्यावी तर दंडक मोडतो, न द्यावी तर विद्या आपल्याबरोबर खड्ड्यात जाते. तुपाइआचे उदाहरण समोर नसेलही, पण गोष्ट तीच होती. माऊने द्यायचे ठरवले. घरच्या काही मंडळींनी त्याला बोल लावला, तो त्याने सोसला.

दोन वर्षे शिकवणे झाले. निघण्याआधी माऊने नैनोआला एका उंचवट्यावर नेले आणि विचारले, ताहिती कोणीकडे? त्याने हात केला. मग विचारले, बेट दिसते का? आता अडीच हजार मैलांवरचे बेट दिसणार कसे? नैनोआने सांगितले, की मनात दिसते. ते मनातले बेट सुटू देऊ नकोस, नाहीतर हरवशील, अशा अर्थाचे माऊ काहीतरी बोलला आणि परीक्षा संपली.

१९८० साली नैनोआने होडी नेली. माऊ बरोबर होता, पण गप्प. वाट चुकली असती तरच तो बोलणार होता. जवळजवळ महिना गेला, पांढरे सुरय दिसू लागले, म्हणजे बेट जवळ आले. सकाळी एक पक्षी उडताना दिसला. नैनोआने पाठ केलेला नियम लावला: सकाळी पक्षी जमिनीकडून समुद्राकडे जातो, तेव्हा बेट त्याच्या उलट दिशेला. त्याने होडी फिरवली. बेट काही येईना. तेव्हा सबंध प्रवासात प्रथमच माऊने तोंड उघडले: होडी वळव आणि पक्ष्याच्या मागे जा. का, ते सांगितले नाही. ते वळले, आणि बेट सापडले. नंतर कारण कळले. त्या पक्ष्याच्या चोचीत लहानसा मासा होता. पिले घरट्यात असण्याचे ते दिवस. पक्षी सकाळीच घास घेऊन घरी निघाला होता. नियम नैनोआलाही ठाऊक होता. मासा माऊने पाहिला.

पुढे होकुलेआ पुष्कळ फिरली. २०१४ ते २०१७ या काळात तर ती पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. पण मला अधिक सांगावेसे वाटते ते २००७चे. त्या वर्षी हवाईच्या लोकांनी माऊसाठी एक जोडहोडी बांधली आणि ती साटावलला नेऊन त्याला दिली. तिचे नाव ‘आलिंगानो माइसू’. माइसू म्हणजे वाऱ्याने झाडावरून पडलेला नीरफणस. झाड कुणाचेही असो, पडलेले फळ ज्याला हवे त्याने उचलावे, अशी तिथली रीत. आपल्याकडे वावटळीनंतर आमराईत पोरे धावतात तसेच. त्याच वेळी माऊने आपल्या बेटावर नैनोआसह पाच हवाईकरांना ‘पो’, म्हणजे पूर्ण नाविक, म्हणून विधिपूर्वक मान्यता दिली. साटावलच्याही काही नाविकांना त्या दिवशी ती मिळाली. माऊ १२ जुलै २०१० रोजी साटावललाच वारला. माइसूवर त्याचा मुलगा तांडेल झाला.

आता कबूल केल्याप्रमाणे स्वातीकडे येतो. हे शिक्षकांसाठी, आणि रात्री अंगणात खाट टाकणाऱ्या सर्वांसाठी.

हवाईच्या दक्षिण टोकाशी स्वाती अगदी डोक्यावरून जाते. ताहितीहून परतणारा नाविक उत्तरेकडे येत राही; स्वाती बरोबर माथ्यावरून जाऊ लागली, की आपण आपल्या बेटाच्या ओळीत आलो हे त्याला कळे. गंमत अशी, की मुंबई त्याच ओळीत आहे. तेव्हा मुंबई, ठाणे, नगर, परभणी या पट्ट्यातही स्वाती जवळजवळ माथ्यावरूनच जाते. मे महिन्याच्या शेवटी रात्री सव्वादहा-साडेदहाला उताणे पडून पाहा. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढे ओढत नेला, की पिवळसर-तांबूस ठळक तारा लागतो, तीच ती. ताहितीचा माथ्यावरचा तारा म्हणजे आपला व्याध. तो फेब्रुवारीच्या पूर्वार्धात रात्री दहाच्या सुमारास आपल्याला दक्षिणेकडे, निम्म्याहून थोडा वर दिसेल.

ध्रुवताराही मोजून पाहा. हात सरळ लांब करून मूठ धरली, की ती आभाळाचे सुमारे दहा अंश झाकते. नागपूरला ध्रुव क्षितिजापासून दोन मुठींहून किंचित वर आहे, होनोलुलूलाही तेवढाच. सोलापूर-कोल्हापूरला तो दोन मुठींच्या आत येतो. मुलांची मूठ लहान, पण हातही आखूड, त्यामुळे माप साधारण जुळते. क्षितिज मोकळे असलेले माळरान निवडा, आणि चांदण्या रात्री नको, अंधाऱ्या पंधरवड्यात न्या.